महालक्ष्म्या जेवत असताना

दम्याची शिट्टी ऐकून ती कुणाची आहे हे मला सांगता यायचं. यात मिरवण्यासारखं काही नाही. भाजीवाल्याला वांगं नुसतं हातात घेऊन कळतं की आतून किडलेलं आहे, तसंच हे. राज्य नवं झालं, रायपूरची राजधानी झाली, भोपाळहून साहेब लोक येऊन शंकर नगरातले बंगले भाड्याने घेऊ लागले, त्या वर्षांत मी तिथल्याच एका छातीच्या डॉक्टरांकडे कामाला होते. मी नर्स नव्हते. डॉक्टर तपासून चिठ्ठी लिहायचे आणि पेशंट शाळा-कॉलेजातला असला की त्याला माझ्या खोलीत पाठवायचे. मी औषध कसं घ्यायचं ते शिकवायचं आणि पुढे ते सोडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम होतं.

औषध म्हणजे पंप. इनहेलरला आमच्याकडे सगळे पंपच म्हणतात. विटकरी पंप रोजचा, सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटत असलं तरी. निळा पंप अडीअडचणीचा, श्वास अडकला की घ्यायचा. इतकी साधी गोष्ट, पण तरण्या पोरांच्या डोक्यात शिरेल तर शपथ. निळा ती लपवून का होईना जवळ ठेवतात, कारण त्याने लगेच मोकळं वाटतं. विटकरीने लगेच काहीच वाटत नाही, म्हणून तो आधी सुटतो. थोडे दिवस बरे गेले की गरज सरो, वैद्य मरो. एक पोट्टा पंप बुटात लपवायचा. एक पोट्टी तो रोज खिडकीबाहेर उडवायची, म्हणजे आईला वाटावं की औषध संपत चाललंय. मी अशांशी फार गोड बोलत नसे. "खिडकीबाहेरच्या कडुनिंबाले दमा नाही झाला, तुले झाला," असं मी तिला तिच्या आईसमोर सुनावलं. ती रडली, मग हसली, आणि मग घ्यायला लागली.

ती माझी खोली लहान होती. आधी ती बंगल्याची कोठीची खोली असावी. खिडकी नव्हती आणि पंखा लावला की काही ऐकू यायचं नाही, म्हणून मी तो बंदच ठेवायचे. पोराला समोर बसवायचं, आपण डोळे मिटायचे आणि त्याचा श्वास ऐकायचा. कुणाची शिट्टी बारीक, कुणाची घोगरी, कुणाची श्वास सोडताना शेवटी किंचित अडखळणारी. कधी कधी पोर उठून गेल्यावरही ती खोलीत ऐकू येत राहायची. मी दार उघडून पाहायचे, बाहेर कुणी नसायचं. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, कान आहेत तुमचे, थकतात. मला ते पटलं होतं, पण संध्याकाळी त्या खोलीत मी एकटी थांबत नसे.

तर शेवटी अडखळणारी ती शिट्टी माझ्या पुतणीची होती.

आम्ही मूळचे विदर्भातले. सासऱ्यांनी रेल्वेत नोकरी धरली तेव्हापासून रायपूरचे झालो. मी चौबे कॉलोनीत राहायचे, माझ्या मोठ्या जाऊबाई तात्यापाऱ्यात. पुतणी ही त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा नुकतीच कॉलेजात गेलेली. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर हिंदीतच. तान्ही होती तेव्हापासून तिचा दमा घराला माहीत. आमच्या डॉक्टरांकडे आणली, मी तिच्या मागे हात धुवून लागले, आणि वर्षभरात पोरगी अशी सुधारली की जिने धावत चढायची, कॉलेजच्या कार्यक्रमात नाचली. मला फार अभिमान वाटला. पण या आजारात बरं वाटायला लागलं की खरा धोका सुरू होतो.

जाऊबाई स्वभावाने देवभोळ्या, पण वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला जेवढं जपलं तेवढं माझ्या आईनेही जपलं नसतं. त्यांना पंपाची भीती होती. "एकदा लागला का सुटत नाही वो," त्या म्हणायच्या. "पंपवाली पोट्टी कोण करून घेईन?" मी समजावून सांगायचे, त्या मान हलवायच्या, आणि पुढच्या वेळी तेच वाक्य. पालथ्या घड्यावर पाणी.

श्रावणात एकदा त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पावसाने उघडीप दिली होती. तेव्हा शहराबाहेर नवे नवे लोखंडाचे कारखाने सुरू झाले होते आणि पाऊस नसला की सकाळी छतावर काळ्या राखेचा थर बसलेला असायचा. अनवाणी चाललं की तळवे काळे. जाऊबाई मला हाताला धरून वर घेऊन गेल्या. राखेत पावलं उमटली होती. जिन्याच्या दारापासून कठड्याच्या कोपऱ्यापर्यंत, लहान, सुबक, बाईमाणसाची. जाऊबाई कुजबुजल्या, "रोज उमटून राहिले. पहाटंच्या आधी. घरातलं कोणी येत नाही वर." आणि त्यांनी हात जोडले. महालक्ष्म्या जवळ आल्या होत्या. त्यांना वाटलं, देवीच घर पाहून जातेय.

मला ती पावलं आवडली नाहीत. मी त्यांच्या कडेने चालत कोपऱ्यापर्यंत गेले. कठड्यावरच्या राखेत दोन तळहात उमटले होते, बोटं फाकवून, जोर देऊन दाबलेले. मी खाली आले आणि पुतणीला बाजूला घेतलं. "वर तूच जातेस ना?"

"हव काकू, पढ़ने जाती हूँ. नीचे गरमी लगती है."

"पहाटे अंधारात वाचतेस?"

ती हसली. पंप रोज घेते म्हणाली, दात घासायच्या ग्लासात ठेवलेला आणून दाखवलाही. मी तिला दवाखान्यात यायला सांगितलं. ती नाही आली. मग परीक्षा होती, मग मैत्रिणीचं लग्न, मग सर्दी. मी फोनवर ओरडले तेव्हा म्हणाली, "काकू, महालक्ष्मी के बाद पक्का." राखेत उमटलेली पावलं माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती, पण पोरगी काही दोरी बांधून ओढून आणता येत नाही.

आमच्या महालक्ष्म्या मोठ्या जाऊबाईंकडेच बसतात. बाहेरच्यांसाठी सांगते. पत्र्याच्या पोकळ कोठ्या असतात, माणसाच्या धडाएवढ्या. त्यांच्या पोटात धान्य आणि फराळाचा डबा ठेवायचा, वरून साडी नेसवायची, दागिने घालायचे आणि त्यावर पितळी मुखवटा बसवायचा. थोरली आणि धाकटी, अशा दोघी. साडी नीट नेसवली आणि समई लावली की दोन बाया मखरात उभ्या आहेत असंच वाटतं. मी इतकी वर्षं पाहतेय, तरी त्या खोलीत पाठ फिरवायची म्हटलं की मानेवर काहीतरी चालल्यासारखं होतं. दुसऱ्या दिवशी मोठा नैवेद्य. सोळा भाज्या, कथली, आंबील, पुरणपोळी. पानं वाढली की धूप घालायचा, सगळ्यांनी बाहेर यायचं आणि दार लोटून घ्यायचं. देवी जेवतात. तेवढा वेळ बाहेर कुणी बोलायचं नाही, आत कुणी जायचं नाही. घरातली मोठी बाई टाळी वाजवून दार उघडते, त्याआधी नाही.

त्या दिवशी सकाळी मी मदतीला गेले आणि आधी मोरीत जाऊन ग्लास पाहिला. ब्रश होते, पंप नव्हता.

"बॅग में है काकू," पुतणी म्हणाली. एवढंच. नेहमी तोंडाचा पट्टा सुरू असलेली ही पोरगी, आज चार शब्दांवर थांबली. श्वासाबरोबर गळ्याचा खळगा आत ओढला जातोय का म्हणून मी तिच्या मानेकडे पाहायला लागले तर तिने ओढणी वर घेतली आणि भाजीची टोपली उचलून निघून गेली.

मी स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई पुरण वाटत होत्या. मी विचारलं, पोरीचा पंप कुठे आहे? त्यांनी हात थांबवला नाही, पण चेहरा उजळला.

"देवीच्या पोटात," त्या म्हणाल्या.

श्रावणाच्या सुरुवातीलाच त्यांनी नवस केला होता. माह्या पोट्टीचा दमा तू घे, मी पंप तुह्या ओटीत घालतो. विटकरी पंप त्याच दिवशी बंद करायला लावला, निळा स्वतःच्या ताब्यात घेतला. काल देवी बसवताना दोन्ही पंप लाल फडक्यात बांधून त्यांनी धाकटीच्या कोठीत, फराळाच्या डब्यात ठेवले आणि वरून साडी नेसवली. "महिनाभर झाला, एकही दिवस त्रास नाही झाला तिले," जाऊबाई म्हणाल्या. "देवी घेऊन राहिली, पाहून राहिली ना तू?"

महिनाभर. मला छतावरचे ते दोन हात आठवले. श्वास पुरत नसला की पोरं असंच करतात, टेबलावर दोन्ही हात रोवून पुढे झुकतात. पोरगी अंधारात वर जाऊन, आईला ऐकू जाणार नाही अशा जागी श्वास घेत होती, आणि सकाळी आईसमोर हसत होती. मी म्हटलं, "वहिनी, आत्ता काढा तो डबा."

"वेडी झाली काय? विसर्जनापर्यंत हात नाही लावता येत."

मी बरंच काही बोलले. त्यातलं काही बोलायला नको होतं, सणाच्या घरात तर नकोच. जाऊबाई वाटत राहिल्या. शेवटी मी बाहेर आले आणि माझ्या नवऱ्याला स्कूटर काढायला लावली. मेडिकलमधून निळा पंप आण, जिथे उघडं असेल तिथून आण, पण आण. तेव्हा अर्धं रायपूर रुंदीकरणासाठी खोदून ठेवलं होतं. तो गेला आणि किती वेळाने येईल याचा नेम नव्हता. मी पुतणीला शोधलं. ती वरच्या खोलीत आरशासमोर साडी नेसत होती. "काका पंप आणायला गेलेत," मी म्हटलं. "खूप त्रास होतोय?"

तिने दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "माँ इतनी खुश है काकू." मध्ये श्वास घेतला. "मैं कैसे बोलूँ."

मी तिला तिथेच बस म्हणाले, हलू नको. तेवढ्यात नैवेद्याची हाक आली.

पानं वाढणं म्हणजे धांदल. आम्ही सगळ्या आत-बाहेर करत होतो. बोलावलेल्या सवाष्णी, शेजारची एक छत्तीसगढी बाई, जी दरवर्षी येते आणि आमच्या आरत्या आमच्यापेक्षा मोठ्याने म्हणते. जाऊबाईंनी निखाऱ्यांवर धूप घातला. खोली धुराने इतकी भरली की मुखवटे तेवढे वर तरंगताना दिसत होते. मग सगळ्या बाहेर आल्या, जाऊबाईंनी दार लोटलं, कडी लावली आणि दाराला पाठ लावून खाली बसल्या. आम्हीही बैठकीत बसलो. बाहेरच्या रस्त्यावर कुठे तरी गणपतीचं गाणं लागलं होतं, तेही कुणी तरी बंद केलं. दुपारची वेळ, पण पडदे ओढलेले, त्यामुळे घरात संध्याकाळ झाल्यासारखं वाटत होतं.

मी जिन्याकडे पाहत होते. पुतणी वरच्या खोलीत आहे असं मला वाटत होतं.

आणि मग आतून आवाज आला.

आधी इतका बारीक की मला वाटलं समईची वात तडतडतेय. मग लांबला. फुंकणीत कुणी हळूच, फार हळूच फुंकावं, तसा. थांबला. पुन्हा आला. लोटलेल्या दारापलीकडे, जिथे जेवणाऱ्या दोन देवींशिवाय कुणीही नव्हतं, कुणी तरी श्वास घेत होतं.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. शेजारणीने पदर डोक्यावर ओढला. आवाज येत राहिला, बाहेर पडताना लांबणारा, आणि शेवटी किंचित अडखळणारा.

मी तो ओळखला. ती माझ्या पुतणीची शिट्टी होती, जशीच्या तशी, आणि ती देवीच्या खोलीतून येत होती.

जाऊबाईंनी वळून दाराला कपाळ टेकवलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "घेतलं," त्या म्हणाल्या, न बोलायचा नियम मोडून. "आईनं घेतलं वो. आईकून राहिल्या ना तुम्ही? माह्या पोट्टीचा दमा घेतला तिनं."

"माता ह ले लिस, दीदी," शेजारीण म्हणाली आणि जमिनीवर डोकं ठेवलं. मग एकेक करून सगळ्याच वाकल्या.

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझाही विश्वास बसला. उलट माझ्या ज्ञानानेच तो बसवला. बाकीच्यांना नुसता आवाज ऐकू येत होता; मला ऐकू येत होतं की हा श्वास त्याच पोरीचा आहे. देवीने तिचा दमा घेतला असेल तर तो असाच वाजणार. दुसरा कसा वाजेल? मीसुद्धा हात जोडले.

मग आवाज बारीक होत गेला. आणखी बारीक. आणि थांबला.

"शांत झाली," जाऊबाई म्हणाल्या, आणि त्यांनी इतका खोल, इतका सुखाचा श्वास सोडला की मला त्यांचा हेवा वाटला. बायांनी डोळे पुसले. कुणी तरी हसली. घरभर एक हलकेपणा पसरला.

माझे हात मात्र जोडलेले राहिले नाहीत. आमच्या डॉक्टरांनी मला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवली होती आणि ती न विसरण्याची तंबी दिली होती. शिट्टी वाजते म्हणजे हवा जाते-येते आहे. औषध न देता शिट्टी अचानक थांबली तर पोर बरं झालं असं समजायचं नाही. आतल्या नळ्या इतक्या मिटल्या की वाजायलाही हवा उरली नाही, असं समजायचं, आणि पळायचं.

देवीला औषध कुणी दिलं होतं?

मी उठले. जिना चढून वर जाण्यात वेळ घालवला नाही. मला एकदम खात्री पटली की वर कुणी नाही. मी दाराकडे गेले. जाऊबाई ताडकन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात दारावर आडवे लावले.

"सरका वहिनी. पोरगी आत आहे."

"जेवून राहिल्या त्या!"

"पोरगी आत आहे म्हणते ना मी!"

"ती वर आहे. दार नाही उघडायचं. आता नाही. घेऊन झालं नाही अजून." त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. ज्या बाईने मला डिंकाचे लाडू भरवले, ती मला ठार मारेल असं वाटलं. बाकीच्या बाया माझ्याकडे अशा पाहत होत्या जसं माझ्याच अंगात काही आलंय. मी जाऊबाईंना दंडाला धरून ढकललं. त्या भिंतीवर आदळल्या. मी कडी काढली.

धुरात काही दिसेना. दोन मुखवटे तेवढे समईच्या उजेडात, शांत, किंचित हसरे. मग खाली, दोघींच्या मध्ये, तिसरा चेहरा दिसला. माझी पुतणी धाकटीला टेकून बसली होती. एक हात कोपरापर्यंत देवीच्या निऱ्यांत घातलेला. ओठ जांभळे. तोंड उघडं, डोळे उघडे, माझ्याकडेच लागलेले, आणि तिच्यातून एकही आवाज येत नव्हता. नुसता गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता, सुटत होता, ओढला जात होता.

पानं वाढायच्या धांदलीत ती मखरामागे जाऊन बसली होती. सगळे बाहेर गेले की दार बंद होईल, कुणी येणार नाही, बोलणार नाही, आईला कळणारही नाही, तेवढ्यात आपला पंप काढून घेऊ, असा तिने हिशोब केला होता. धुराचा हिशोब तिने केला नव्हता, आणि डब्याचं झाकण उघडायला लागणारं बळही तिच्यात उरलं नव्हतं.

मी देवीची साडी ओढली. मुखवटा कलंडला आणि जमिनीवर पडून मोठ्याने वाजला. मागे बाया किंचाळल्या. कोठी आडवी झाली, गहू घरंगळत पानांत गेले. डबा, लाडू, लाल फडकं. मी पोरीला धुरातून ओढत बाहेर आणलं, पाण्याच्या ट्रेमधला कागदी ग्लास घेऊन त्याच्या बुडाला भोक पाडलं, निळा पंप त्यात बसवला आणि तिच्या तोंडावर धरला. दाबलं. ओढ बाळा. पुन्हा दाबलं. ओढ. मला आठवतं ते एवढंच, माझाच आवाज, ओढ, ओढ, आणि समोर काहीच न होणं.

मग, किती वेळाने कोण जाणे, तिच्या छातीतून शिट्टी आली. फाटकी, घाणेरडी शिट्टी. इतकं गोड मी आयुष्यात काही ऐकलं नाही.

शेजारणीच्या नवऱ्याच्या गाडीतून आम्ही तिला दवाखान्यात नेलं, सगळा रस्ता मी दाबत आणि ती ओढत. ऑक्सिजन लावला, सुई दिली. माझा नवरा तिथेच येऊन पोचला, घामाने निथळत, नवा पंप शर्टाच्या खिशात. दिवेलागणीला पोरगी बोलू लागली. मी तिच्याजवळ एकटीच होते. तिने मला खाली वाकायची खूण केली.

"काकू, बाहर आवाज़ गई थी ना? सीटी की?"

"गेली होती. म्हणूनच तर कळलं."

"वो मेरी नहीं थी." ती थांबली, श्वास गोळा केला. "मेरी तो शुरू से ही बंद थी. मैं सुन रही थी. बगल से आ रही थी." पुन्हा थांबली. "जैसे कोई मेरे लिए साँस ले रहा हो."

मी तिला सांगितलं की डोक्याला प्राणवायू कमी पडला की असे भास होतात. खरंच होतात. हे मी तिला सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. पण तिचं बोट कुठल्या बाजूला वळलं होतं ते मी पाहिलं होतं, आणि धाकटी तिच्या त्याच बाजूला होती. मी चादर सारखी केली, मग तिच्या कानाशी वाकले. "हे आईले सांगशील?"

तिने माझ्याकडे बघत मान हलवली. नाही. आमची पोरगी हुशार आहे. आईला हे कळलं असतं तर तिचे पंप पुन्हा त्याच पोटात गेले असते, आणि पुढच्या वेळी दार उघडायला मी तिथे असेनच असं नाही.

जाऊबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. दोन दिवसांचा उपास, केस सुटलेले, दंडावर माझ्या बोटांचे वळ. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी घेतला नाही.

"तू दार काहून उघडलं?" त्या म्हणाल्या.

मी ग्लास बाकावर ठेवला.

"ती घेऊन राहिली होती. आईकलं तू. सगळ्याइनं आईकलं. आणखी थोडा वेळ पाह्यजे होता. तू जेवत्या ताटावरून उठवलं तिले, म्हणून तिनं परत केलं. माह्या पोट्टीले परत केलं."

माझा राग उसळून आला. नळ्या, सूज, धूर, महिनाभर बंद केलेलं औषध, सगळं भाषण जिभेवर तयार होतं. रोजच तर करायचे मी ते. पण त्यांचे डोळे माझ्या तोंडावर खिळलेले होते, आणि मला दिसलं की या बाईला औषधाबद्दल काहीच विचारायचं नाही. दोष कुणाचा, एवढंच विचारतेय ती. तो माझा नसला तर एक तर देवी खोटी, नाही तर या बाईनेच स्वतःच्या हाताने आपल्या एकुलत्या पोरीचा गळा आवळला. दोन्हींपैकी काहीही मानलं असतं तरी ती त्या बाकावरून उठली नसती.

"हो वहिनी," मी म्हटलं. "माझ्यामुळं परत आलं. आता ते आपल्यालाच सांभाळा लागन. रोज पंप द्या तिले. सकाळ-संध्याकाळ. तुमच्या हातानं."

त्यांनी सुटलेले केस बांधले. मग म्हणाल्या, "देईन. तुह्या पापाचं मी फेडीन."

आणि दिला. दुसऱ्या दिवसापासून, एकही वेळ न चुकवता. ना सोवळं आड आलं, ना लग्नघर, ना प्रवास. माझ्या सगळ्या पेशंटांत इतक्या कडकपणे औषध कुणी घेतलं नाही. फक्त त्यानंतर जाऊबाई माझ्या घरची पायरी चढल्या नाहीत आणि महालक्ष्म्यांचं बोलावणं मला कधी आलं नाही. भावाभावांचं येणं-जाणं राहिलं. त्यांच्या हातचं पुरण मला आठवतं तेव्हा मी दुसऱ्या कामाला लागते.

पुतणी आता नागपूरला असते. नोकरी आहे, नवरा आहे, लहान मुलगी आहे. इतक्या वर्षांनी ती मराठी बोलायला लागली, तेही नवऱ्यामुळे. परवा तिचा फोन आला होता.

"काकू, आई अजूनही रोज फोन करते. पंप घेतला का म्हणून विचारते. हो म्हटलं का मग तुले शिव्या देते."

"सकाळीच का दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

"देऊ दे," मी म्हटलं. "बंद झाल्या तर मात्र मले लगेच सांगजो."